बारीक हाताचं काम

“घरात माझ्या दोन सुना,” असं सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या. थोरली मी, आणि धाकली म्हणजे मागच्या गाळ्यात ठेवलेली हिरवी इंग्रजी मोटार. पाहुणे हसायचे, आमचे हे हसायचे, आणि चहाचे कप घेऊन उभी असलेली मीही हसायचे. न हसून सांगते कुणाला? पण सवतीचं कुणी करणार नाही इतकं मी त्या धाकलीचं केलं. अकरा वर्षं केलं, आणि नाव झालं ह्यांचं. डहाणूत आजही जुन्या मोटारींचा विषय निघाला की लोक गोविंदरावांचं नाव घेतात. गोविंदराव म्हणजे आमचे हे. त्यांना इंजिनाचा प्लग काढता यायचा. घालता यायचा नाही, आटे खराब करायचे.

आता म्हणाल, नवऱ्याविषयी असं बोलावं का. तोंडावर कधी बोलले नाही, निदान कागदावर तरी बोलू दे.

गाडी आली त्रेपन्न साली. तलासरीला एक इंग्रज लाकडाचा कंत्राटदार राहायचा. स्वातंत्र्यानंतर दुसऱ्या वर्षी तो आपल्या देशी गेला, बंगला वापीच्या एका शेटने घेतला आणि गाडी बंगल्यामागच्या छपरात तशीच पडून राहिली. लढाईच्या आधीची, शर्यतीत पळवायच्या जातीची. लांब नाक, तारांची चाकं, वर कापडाचं छप्पर, आणि बसायला मोजून दोन जागा. हे शेटकडे चिकूच्या कलमांचं बोलायला गेले आणि गाडी बघून आले. चार दिवस जेवण गोड लागेना. पाचव्या दिवशी दोन बैलजोड्या लावून तलासरीहून ती ओढत आणली. वाटेवरची सगळी गावं बघायला उभी होती म्हणे. पुढे बैल, आणि मागे काळा चष्मा लावून स्टिअरिंग धरून बसलेले आमचे हे.

आमची वाडी समुद्राच्या बाजूला, चिकूची. त्या गाडीत चिकूची एक पाटी मावत नव्हती. रेतीत चाक रुतायचं, गाडवाटेला पोट घासायचं. घरात माणसं नऊ. नऊ माणसांच्या घरात दोन जागांची मोटार आणणारा माणूस कसा असेल, ते मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण लग्नाला दोनच वर्षं झाली होती. मला वाटलं, दोन जागा म्हणजे एक त्यांची आणि एक माझी.

पहिले सहा महिने गाडी हललीच नाही. स्टेशनाजवळचा मिस्त्री आला, चारी बाजूंनी फिरला, हिला पानेसुद्धा विलायती मापाचे लागतात म्हणाला आणि हात झटकून गेला. सीटच्या मागे विलायती पान्यांची पेटी निघाली, तेव्हा ह्यांनी स्वतःच काम हातात घेतलं. ह्यांचा पंजा म्हणजे नारळ सोलायला बरा. त्या इंजिनाच्या कुशीला हवा आणि पेट्रोल मिसळणारे दोन कार्बोरेटर होते. त्यांना धरून ठेवणारे वरचे नट कुणालाही दिसतात. खालचे दिसत नाहीत आणि तिथे बोट न्यायला जागाही नाही. एका दुपारी मी चहा घेऊन गेले तर हे इंजिनाला आईबहिणीवरून शिव्या देत होते. नट हातातून सुटून आत पडला होता.

“मी बघू का?” मी म्हटलं.

“बघ. तुझ्या बापाने जन्मभर रेल्वे दुरुस्त केलीय ना.”

ते खोटं नव्हतं. माझे वडील वाणगाव स्टेशनात सिग्नलचे फिटर. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून पाने पुसून द्यायला ते मलाच शेजारी घेऊन बसत. नट किती आवळायचा ते मनगटाला कळलं पाहिजे, असं म्हणायचे. मी हात आत घातला, नट शोधला, जागेवर बसवला आणि आवळला. हात बाहेर काढताना बांगडी कडेला लागली आणि वाढली. बांगडी फुटली असं आमच्याकडे म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. फुटायची ती फुटलीच, आणि तिचा एक तुकडा कार्बोरेटरच्या उघड्या तोंडातून आत गेला.

काच इंजिनात गेली तर काय होईल हे ह्यांना ठाऊक नव्हतं, मला होतं. तो तुकडा काढायला दोन दिवस लागले. दोन्ही कार्बोरेटर उतरवले, त्यांच्यामागचा पाइप उतरवला, निघेल तो भाग क्रमाने जुन्या लुगड्यावर मांडत गेले, काच काढली आणि त्याच क्रमाने सगळं परत चढवलं. मला मिस्त्री केलं ते त्या काचेने. तिसऱ्या दिवशी धाकली सुरू झाली. तो पहिला आवाज ऐकून मला जेवढा आनंद झाला, तेवढा माझ्या लग्नातही झाला नव्हता. हे उडी मारून आत बसले आणि गावात फेरी मारायला निघून गेले.

संध्याकाळी सासूबाईंची नजर माझ्या हातांवर गेली. मी उरलेल्या बांगड्याही उतरवून ठेवल्या होत्या.

“भरल्या घरात रिकामे हात? नवरा जिवंत आहे ना गं तुझा?” त्या म्हणाल्या. “मोटारीचं काय ते तो बघेल. तुझं काय काम तिथे?”

ह्यांनी तेव्हा तोंड उघडलं खरं. “आई, बारीक हाताचं काम असतं थोडं. नट काढून देते ती. एवढंच.”

एवढंच! त्यावर घरात तोड निघाली ती अशी. काम दुपारी करायचं, माणसं जेवून आडवी झाल्यावर. गाळ्याचं दार लोटून घ्यायचं. बांगड्या उतरवल्या की मनगटांना हळदीचा दोरा बांधायचा. आणि दाराबाहेर सासूबाई स्वतः चिकूच्या पाटीवर बसून राखण करणार, कुणी आलं तर “सून निजलीय” म्हणून सांगणार. अकरा वर्षं मी दुपारची निजले ती अशी.

धाकली नखरेल होती, हे मला मान्य आहे. खाऱ्या वाऱ्याने तिच्या चाकांच्या तारा गंजायच्या. दारांच्या आतली लाकडी चौकट वाळवीने खाल्ली, ती मी माप काढून खाडीवरच्या होड्या बांधणाऱ्या सुताराकडून सागाची करून घेतली. विलायती सामान येणं बंद झालेलं. दोन लोखंडांच्या मध्ये जे गॅस्केट लागतं ते मी भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचं कापायचे, वस्तऱ्याच्या पात्याने, आणि एरंडेलात भिजवून बसवायचे. थेंब गळत नसे. दोन कार्बोरेटरचा श्वास सारखा लागतो. एक जास्त ओढायला लागला की इंजिन ठेचकाळतं. मी रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचे, या बाजूचा सुसकारा ऐकायचे, मग त्या बाजूचा, आणि स्क्रू केसभर फिरवायचे. दोन्ही सुसकारे जुळले की अंगातून सुख वाहायचं. दोन मुलं झाली, दिवस भरत आले तरी मी पोट सांभाळत वाकून हेच करायचे.

पण चालत्या गाडीत काय बिघडतं ते उभ्या गाडीत कळत नाही, आणि चालत्या गाडीत मी बसणार कशी? जागा दोन, त्या दोन्ही पुढे. नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून, छप्पर उघडं टाकून, सासरच्या गावातून जायचं? मी एकदा विचारलं. “आईसमोर बरं दिसतं का ते?” हे म्हणाले. मग मी म्हटलं, रिकाम्या रस्त्यावर एकदा मलाच चालवू द्या. त्यावर हे इतके हसले, की दोन दिवस वाडीतल्या गड्यांना तेच सांगत होते. शेवटी आम्ही पद्धत काढली. हे घरासमोरच्या रस्त्यावरून तीनदा गाडी न्यायचे-आणायचे, आणि मी ओट्यावर तांदूळ निवडत आवाज ऐकायचे. जेवायला वाढताना सांगायचे, “तिसऱ्या गियरला कण्हतेय. मागच्या डाव्या चाकाची एक तार सैल आहे.” हे मान डोलवायचे. त्या दुसऱ्या जागेवर मामलेदार बसले, डॉक्टर बसले, शाळेचे हेडमास्तर बसले, एकदा तर गंजाडहून आणलेला बोकड बसला. मी बसले ती उभ्या गाडीत, हातात पाना घेऊन.

हळूहळू लोक आपल्या मोटारी घेऊन ह्यांच्याकडे यायला लागले. डॉक्टरांची गाडी चढणीला दम सोडायची. ह्यांनी बोनेट उघडलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, “ठेवून जा. शांतपणे बघावं लागेल.” शांतपणे म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी मी. डॉक्टर गाडी न्यायला आले तेव्हा म्हणाले, “गोविंदराव, तुमच्या हातात जादू आहे.” मी आत भाकऱ्या थापत होते. मग ह्यांचा आवाज आला, “कानाला रबरी नळी लावायची, डॉक्टर. माझी स्वतःची युक्ती आहे.” त्या दिवशी तव्यावरची भाकरी जळाली आणि सासूबाईंनी मला धांदरट म्हटलं.

राग कुणावर काढायचा? ह्यांच्यावर काढला तर हे दुसऱ्या दिवसापासून गाळ्याला कुलूप लावतील, ही भीती. नाव गेलं तर गेलं, हात चालू राहू देत, असं मी मनाला समजावलं. चोरून का होईना, दिवसातले दोन तास मला काहीतरी येत होतं. बाकीचे बावीस तास मी जे करायचे ते कुणालाही येतं, असंच सगळे धरून चालत.

साठ साली राज्यं वेगळी झाली, गुजरातच्या हद्दीवर अच्छाडला नाका बसला, हमरस्त्यावर ट्रकांची रांग लागायला लागली. हे रविवारी धाकलीला घेऊन तिथल्या धाब्यावर जाऊन बसत. पंजाबी ड्रायव्हर गाडीभोवती गोळा होत आणि हे त्यांना व्याख्यान देत. मग पंचायत समित्या आल्या आणि ह्यांना पुढारीपणाचं वारं लागलं. पुढाऱ्याला दोन जागांची गाडी काय कामाची? कार्यकर्ते बसवायचे कुठे? चौसष्टच्या दिवाळीत हे म्हणाले, “जीप घ्यायची. हिला काढून टाकू. मुंबईचे चिमणभाई विचारतायत.”

मी म्हटलं, “काढून टाकायची?”

“मग काय पूजा करायचीय तिची?”

चिमणभाई मूळचे उंबरगावचे, मुंबईत कापडाचे व्यापारी. त्यांना जुन्या मोटारी जमवायचा नाद होता. आधीच्या चार होत्या, ही पाचवी. ते यायचे होते त्याच्या आधीचे पंधरा दिवस मी गाळ्यात पाऊल टाकलं नाही. रुसायला दुसरी जागा नव्हती. मला ती गाडी जाऊ द्यायची नव्हती, आणि हे सांगायला माझ्याजवळ शब्द नव्हते. बाई म्हणते दागिना मोडू नका, बाई म्हणते गाय विकू नका. मोटार विकू नका असं कुठल्या तोंडाने म्हणायचं, आणि ती सुद्धा जिच्यात मी एकदाही बसून कुठे गेले नाही?

चिमणभाई आले ते आपला पांड्या नावाचा मेकॅनिक घेऊन. ह्यांनी ऐटीत स्टार्टर मारला. धाकली सुरू झाली, पण खोकली, फुरफुरली, फटकन आवाज काढून बंद पडली. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मागच्या कार्बोरेटरचा खालचा नट सैल झाला होता आणि गॅस्केटच्या फटीतून ती नको तिथून हवा ओढत होती. पंधरा दिवस मी हात लावला नव्हता, त्याचा परिणाम. मला आत उभ्या उभ्या कळलं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. खोक बाई, म्हटलं. अशीच खोक.

पांड्याने वरचे नट काढले, खालच्यांशी तासभर झटला, बोटं सोलून घेतली. कसाबसा एक सुटला तेवढ्यावर त्याने कार्बोरेटर वाकडा करून आतलं गॅस्केट चिमट्याने ओढून काढलं. चिमणभाई घड्याळ बघत होते. “गोविंदराव, गाडी तो सरस छे,” ते म्हणाले, “पण इंजिनमां दम नथी. मला शोभेची नाय पायजे, पळणारी पायजे.” ते निघायच्या बेतात होते. आणखी पाव तास मी गप्प राहिले असते तर गाडी राहिली असती. चहाचे कप घेऊन मी गाळ्याच्या दाराशी आले होते, तिथेच उभी राहिले.

तेवढ्यात पांड्याने ते गॅस्केट उजेडात धरलं आणि हसायला लागला. पुठ्ठ्यावर कॅलेंडरची छपाई दिसत होती, कुठलीशी तारीख आणि लाल अक्षरात एकादशी. “शेट, हे बघा! गाडीला एकादशी घातलीय. कुणा अडाण्याने हात घातला असंल इंजिनात? असल्या माणसाच्या हातात मी सायकल देणार नाय.”

चिमणभाई हसले. आणि आमचे हे, ज्यांच्या नावावर ते अकरा वर्षांचं काम जमा होतं, तेही हसले. म्हणाले, “होता एक गावठी मिस्त्री. मी नव्हतो तेव्हा काहीतरी करून गेला.”

मी कप खाली ठेवले. पाटीवर बसलेल्या सासूबाईंनी “यमुने!” अशी हाक मारली, ती मी ऐकली. चारचौघांदेखत, परक्या पुरुषांदेखत मी बांगड्या उतरवल्या, दोरा-बिरा काही बांधला नाही, आणि पांड्याला म्हटलं, “सरका.”

फडताळातून माझं कापून ठेवलेलं दुसरं गॅस्केट काढलं, तेही एकादशीवालंच. जुन्या पुठ्ठ्याची चिकटलेली खरवड साफ केली. हात आत घालून खालचे नट बसवले, मनगट सांगेल तेवढे आवळले. नळी कानाला लावली. अर्ध्या तासात झालं. “मारा स्टार्टर,” मी कुणाला म्हटलं ते मलाच आठवत नाही. पांड्याने मारला. धाकली एका दमात सुरू झाली आणि अशी चालली, की पांड्याने बोनेट मिटून वर ठेवलेल्या कपातला चहा हलत नव्हता.

पांड्याने कपाळावरचा घाम पुसला आणि मला नमस्कार केला. तो त्याने मनापासून केला, हे मी आजही मान्य करते. चिमणभाई म्हणाले, “भाभी, आ तो कमाल! आता नेणार म्हणजे नेणार. आजच नेतो.”

हे ऐकलं तेव्हा मला कळलं मी काय करून बसले ते. गाडी माझ्यासमोर होती, चालू, ठणठणीत, आणि मीच ती विकून टाकली होती. त्यांच्या हसण्याचा राग आला म्हणून. पण त्या क्षणीही एक आशा होती. हे आता बोलतील, मला वाटलं. बोलण्यावाचून गत्यंतरच काय होतं? सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

हे बोलले. माझ्याकडे न बघता चिमणभाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “मीच शिकवलंय सगळं. आता बोला, आमच्या घरातल्या बायकांना जे येतं ते तुमच्या मुंबईच्या मेकॅनिकला येत नाही!”

सगळे हसले. पांड्यासुद्धा. मी कप उचलले आणि आत गेले. संध्याकाळी गाडी गेली. मी ओट्यावर आले नाही. पण कान कुठे नेऊ? पार हमरस्त्याच्या वळणापर्यंत ती कुठल्या गियरला आहे ते मला ऐकू येत होतं.

जीप आली. हे निवडून आले. महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला भाषण केलं, त्यात म्हणाले, स्त्रियांना यंत्रविद्या शिकवली पाहिजे, मी सुरुवात माझ्या घरापासून केली. बायका वळून माझ्याकडे कौतुकाने बघायला लागल्या. शेजारची चंपा म्हणाली, “नशीबवान गं तू. आमच्या ह्यांनी मला शिट्टीचा कुकरसुद्धा शिकवला नाही.” जीपला ड्रायव्हर होता आणि तिच्यासाठी स्टेशनाजवळचा मिस्त्री होता. गाळ्यात आता खताची पोती ठेवायला लागले. दुपारी मी खरोखरची निजायला लागले. अंग सुटलं.

वर्षभराने चिमणभाईंचं पत्र आलं, ह्यांच्या नावाने. ह्यांनी ते मोठ्याने वाचलं. गाडी सकाळी छान सुरू होते, पण दहा-बारा मैल गेलं की मान टाकते. अर्धा तास उभी ठेवली की आपोआप चालू. प्लग बदलले, कॉइल बदलली, पेट्रोलचा पंप बदलला, पांड्याने हात टेकले. बाकी गाडी आता ओळखणार नाही, चकचकीत भागांना सगळीकडे निकेलचं नवं पाणी चढवून घेतलंय, दिव्यांच्या कड्या, आरशाची कड, पेट्रोलच्या टाकीचं झाकणसुद्धा. काय बिघडलं असेल ते आपण जाणकार आहात, कळवावं.

मी पोलक्याला हूक लावत बसले होते. झाकण म्हटल्याबरोबर मला कळलं. त्या झाकणाला एक भोक असतं, सुईच्या टोकाएवढं. टाकीतलं पेट्रोल उतरेल तशी तिथून हवा आत जावी लागते. पाणी चढवताना ते भोक बुजलं असणार. हवा नाही म्हणून पेट्रोल पुढे येत नव्हतं. थोडा वेळ थांबलं की फटीतून झिरपून हवा जायची आणि गाडी पुन्हा चालायची. इलाज काय, तर सुई घ्यायची आणि भोक मोकळं करायचं. सुई तर माझ्या हातातच होती.

ह्यांनी कार्ड पुढे घेतलं, पेनाचं टोपण काढलं. “सांग. काय लिहू?”

मी दोरा दाताने तोडला. म्हटलं, “तुम्ही शिकवलंत तेवढंच मला येतं. हे काही तुम्ही शिकवलं नव्हतंत.”

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना सगळं कळलं, मला माहीत आहे. त्या घडीला त्यांनी माफी मागायची गरज नव्हती. घरात आम्ही दोघंच होतो, ऐकायला कुणी नव्हतं. “यमुना, मला नाही कळत, तुला कळतं,” एवढं एक वाक्य म्हटलं असतं तर मी भोकासकट सगळं सांगितलं असतं, वर सुईसुद्धा पाकिटात घालून दिली असती. ते म्हणाले, “बरं.” आणि कार्डावर लिहिलं, की प्लग पुन्हा एकदा तपासून पाहावेत.

दोन महिन्यांनी दुसरं पत्र आलं. प्लगने काही झालं नाही, पांड्याने वैतागून इंजिन उघडलंय. तेव्हाही वेळ गेली नव्हती. मी एक ओळ खरडून पाठवू शकले असते, लिहिता मला येत होतं. पण मी म्हटलं, ह्यांना विचारू दे. ह्यांनी विचारलं नाही. पत्र जीपच्या कागदपत्रांत ठेवून दिलं. रोज सकाळी उठले की वाटायचं आज लिहावं, आणि रोज ह्यांचं तोंड बघितलं की हात आखडायचा. असं करत पावसाळा आला आणि गेला.

पुढच्या वर्षी उंबरगावच्या एका लग्नाला ह्यांना चिमणभाईंचा पुतण्या भेटला. ह्यांनी घरी येऊन जेवताना सांगितलं. पांड्या काम सोडून गेला. दुसऱ्या मेकॅनिकला उघडलेलं इंजिन जुळवता आलं नाही. काही भाग हरवले, काही गॅरेजमध्ये पावसाने गंजले. चाकं कुणीतरी दुसऱ्या गाडीला लावायला नेली. शेवटी चिमणभाईंनी कंटाळून बाकीची भंगारवाल्याला देऊन टाकली.

“इंग्रजी मशीन,” हे म्हणाले. “आपल्या लोकांना झेपत नाही.” आणि त्यांनी आणखी एक भाकरी मागितली.

मी वाढली. त्यांना काही वाटलं नव्हतं, वाटलं ते मला. सुई टोचायची तेवढी बाकी होती, ती मी टोचली नाही. ह्यांच्यावरचा सूड मी तिच्यावर उगवला, जिने माझं कधी काही वाईट केलं नव्हतं. अकरा वर्षं तिला जगवली ते काम ह्यांच्या नावावर गेलं. तिला मारली मात्र मी, माझ्या एकटीच्या अकलेने, आणि तेवढ्या एका कामावर ह्यांनी अजून हक्क सांगितलेला नाही.